खिडकीकडची बाजू

मी आणि बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे उशांना अभ्रे घालणं. मी एक उलटा घातला, तिनं मला शिव्या घातल्या. दुसऱ्या दिवशी ती गेली.

मग पोरानं मला सिंगापूरला आणलं. कालव्याकाठच्या जुन्या वस्तीत त्याला ऐसपैस फ्लॅट घ्यायचा होता, पण मी कायमचा राहणार असेन तरच. मला गावीच जायचं होतं. नाही म्हणायचं ठरवूनच मी बघायला गेलो.

घर दाखवणारी चिनी बाई चांगली कोटबीट घातलेली. प्रत्येक खोलीत शिरली की टाळी वाजवायची, आवाज घुमला की स्वतःच खूश व्हायची. मोठ्या बेडरूममध्ये तर बूट काढून खिडकीकडे फरशीवर आडवीच झाली आणि शेजारची जागा थोपटत तिथल्या इंग्रजीत म्हणाली, "अंकल, कम लाह!"

गुडघे कुरकुरले, पण मीही पडलो.

"बाबा, उठा! काय हे!" पोरगा ओरडला.

बाई छताकडे बघत काहीतरी बोलली. मला उठवायला पुढं केलेला हात पोरानं मागं घेतला.

"काय म्हणते रे?"

"म्हणते, ही खिडकीकडची बाजू आंटीची. त्यांना बोटी दिसतील. तुम्ही घोरणार, तुम्ही भिंतीकडेच बरे."

"बरोबर बोलते," मी म्हटलं. "या बाईला काही सांगू नकोस."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोन उशांना एकट्यानं अभ्रे घातले. एक उलटाच बसला, तसाच ठेवला. मग पोराला म्हटलं, "घे घर. पलंग मात्र दोघांचा घे."