दसऱ्यानंतर पाहू

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी सकाळी थोरल्या दिरांचा अमरावतीहून फोन आला. "शोभा गेली. या लवकर." अकोल्याहून निघाले तरी वाटभर वाटत होतं, सासूबाई गेल्या असतील, दिरांनी गडबडीत भलतं नाव घेतलं... अंथरुणाला खिळलेल्या होत्या त्या सासूबाई. माझ्या मोठ्या जाऊबाई, शोभाताई, धडधाकट होत्या. म्हणजे आम्ही तसं धरून चाललो होतो.

घरचा धंदा फुलांचा. भातकुलीकडे शेवंती-झेंडूचं शेत, अमरावतीत दुकान. हार घरीच गुंफायचे आणि पाळी आलेल्या बाईनं देवाच्या फुलांना शिवायचं नाही, हा घरचा नियम. तरुणपणी शोभाताई त्यावर खूश असत. "देवाले माही दया येते, सुट्टी देते मले," म्हणायच्या.

सासूबाईंना अर्धांगवायू झाला आणि सुट्टी संपली. दिवसा दुकानाच्या ऑर्डरी, रात्री सासूबाईंची हाक. सलग झोप कशी असते हे त्या विसरल्या. काही वर्षांत पाळी महिन्यातून दोनदा येऊ लागली, मग दोन-दोन महिने नाहीच. अंगातून वाफा, छातीत धडधड, चिडचिड. घरचे म्हणाले, वय झालं. यंदा गणपतीत मी त्यांना ओढून अकोल्याच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी नीट समजावलं. या वयात हार्मोन्स वरखाली होतातच; पण वर्षानुवर्षांचा ताण आणि मोडलेली झोप शरीराला सावरू देत नाही, मग त्रास आणखी वाढतो. नंतर विचारलं, औषधं कोणती घेता? तेव्हा कळलं. गणपतीपासून दिवाळीपर्यंत, फुलांच्या मोसमात, शोभाताई पाळी लांबवायच्या गोळ्या घेत होत्या. मेडिकलमधून, चिठ्ठीशिवाय. पाळीचा नेमच उरला नव्हता, म्हणून सलग. बाई म्हणाल्या, "आजपासून बंद. तपासण्या करा. आणि सासूबाईंसाठी कुणीतरी ठेवा."

बसस्टँडवर मी विचारलं, "ताई, ऐकलं ना?"

"ऐकलं वं. दसऱ्यानंतर पाहू. मोसमात मीच बाजूले बसली तं हार कोन करन? तू?"

"करीन."

"तुह्या हातचा हार देवानं घातला तं झालंच."

हसल्या आणि बसमध्ये चढल्या. पुढं पोटरी सुजली, तर म्हणाल्या उभं राहून सुजली. घटस्थापनेच्या आदल्या सकाळी फुलं निवडता निवडता श्वास लागला. पायातली रक्ताची गाठ फुफ्फुसात गेली, असं दवाखान्यात सांगितलं. गोळ्यांमुळेच का, ते नक्की सांगता येणार नाही, असंही सांगितलं. सासूबाईंसाठी बाई ठेवायचं कुणाच्याही डोक्यात आलं नव्हतं. शोभाताई होत्या ना.

मागच्या आठवड्यात मी पुन्हा अमरावतीला गेले. घरात यंदा दिवाळी नाही, दुकानाला आहे. हाराच्या खोलीत शोभाताईंची सून वैशाली एकटीच गुंफत होती. दोऱ्याच्या डब्यातून तिनं सासूच्या गोळ्यांची अर्धी संपलेली पट्टी काढली.

"काकू, दिवाळीतच येते माही तारीख. आत्याबाईच्या ह्या उरल्या हायेत. घेऊ काय?"

मी पट्टी हिसकून वाळक्या फुलांच्या टोपलीत टाकली. म्हटलं, "आली तर आली. तशीच बसून गुंफ."

तिनं दाराकडं पाहिलं. तेवढ्यात आतल्या खोलीतून सासूबाईंनी हाक मारली, "शोभा, वं शोभा, पानी दे..."

वैशाली उठली.