वाटीत आठच उरत होते

आधीच सांगते, मी इन्शुरन्समध्ये आकडेमोड करते आणि जे मोजता येत नाही त्यावर विश्वास ठेवत नाही. या धाग्यावरचे अतर्क्य अनुभव वाचून हसणाऱ्यांपैकीच मी एक. पण माझ्या अनुभवात घोळ आकड्याचाच आहे, म्हणून लिहितेय...

आम्ही परदेशात, ईडन प्रेरी नावाच्या थंड गावात राहतो. गेल्या हिवाळ्यात माझ्या लेकीने, सईने, कॅमेलियनचं, म्हणजे रंग बदलणाऱ्या सरड्याचं, पिल्लू आणलं. बोटाएवढं, पोपटी. नाव ठेवलं लिंबू. पिंजरा मी लावला – काचेचा नाही, हवा खेळती राहावी म्हणून जाळीचा. वर उबेचा बल्ब आणि उन्हासारखे किरण देणारी यूव्हीबी ट्यूब, आत मनीप्लांटची कुंडी, आडव्या काड्या. वरच्या काडीवर ८५ फॅरनहाइट, खाली ७२. घर तापवणाऱ्या फर्नेसमुळे हवा कोरडी, म्हणून पानांवर पाण्याचा फवारा. खायला कॅल्शियम पावडर लावलेले बारके रातकिडे, गुळगुळीत प्लास्टिकच्या वाटीत, म्हणजे चढून बाहेर येत नाहीत.

सगळं मापात होतं. फक्त लिंबू खात नव्हता. स्वयंपाकघरातल्या काट्यावर तो नऊ ग्रॅमवरून सातवर आला. वेट, म्हणजे प्राण्यांची डॉक्टर, म्हणाली, वजन आणखी उतरलं तर नळीने भरवावं लागेल, आणि इतकी लहान पिल्लं बहुधा त्यातून वाचत नाहीत. सई शाळेतून आली की पिंजऱ्यासमोर बसून राहायची. तिच्या शेजारी मी.

तेव्हा माझ्या सासूबाई नागपूरहून आलेल्या होत्या.

"एवढासा सरडा, अन् दोघी त्याच्या तोंडाकडे बघत बसल्या! तुम्ही जेवताना असं कोणी बघितलं तर घास उतरेल का?"

"आज्जी, ही इज डाइंग," सई रडवेली झाली.

सासूबाई उठल्या, हात धुतले. पिंजऱ्यात पाण्याने चौकोन काढला, त्यावर वाटी ठेवली आणि भोवती पाणी फिरवलं. अगदी देवाला दाखवतात तसा नैवेद्य.

"आई, किडे आहेत ते!"

"त्याच्या देवाला चालत असतील. चला, पाठ करा तिकडे. नैवेद्याकडे टक लावून बघू नये."

आम्ही वळलो. मागे 'टप्' असा बारीक आवाज झाला.

"मॉम! ही इज च्यूइंग!"

लिंबूचा जबडा खरंच हलत होता. वाटीत किडे आठ. मी टाकलेही आठच होते.

मोजायला चुकले असेन, असं धरलं. दुसऱ्या दिवशी सईकडून मोजून घेतलं, सासूबाईंनाही मोजायला लावलं आणि फोन रेकॉर्डिंगला लावून पाठ फिरवली. व्हिडिओत जीभ वाटीत जाते, टोकाला किडा चिकटून येतो, स्वच्छ दिसतं. वाटीचा तळ मात्र दिसत नाही. नंतर वाटीत आठ. पुढेही रोज सासूबाईंचा नैवेद्य आणि रोज आठच. मी कुंडी बाहेर काढून पानन् पान पाहिलं, जाळी तपासली. किड्यांचा डबा गराजमध्ये बंद होता. वेटला विष्ठेत किड्यांची टरफलं सापडली. वजन वाढत होतं.

कोणी बघत नव्हतं म्हणून तो खायला लागला, हे मला पटतं. वाटीतले किडे कमी का होत नव्हते?

"देव जेवला की ताट कमी होतं का गं?" सासूबाई म्हणाल्या आणि भाजी निवडायला बसल्या.

एक दिवस पाणी न फिरवता वाटी ठेवून बघणं, हा सरळ उपाय होता. ऑफिसात मी तेच करायला सांगितलं असतं. पण सई म्हणाली, "डोन्ट यू डेअर टेस्ट ऑन हिम." खरं सांगायचं तर माझाही धीर झाला नाही.

सासूबाई परत गेल्या त्या दिवशी इलाज नव्हता, नैवेद्य त्याच दाखवायच्या, आम्हाला ते येत नव्हतं. वाटी नुसतीच ठेवली आणि दोघींनी पाठ केली. लिंबूने तीन खाल्ले, पाच उरले. तेव्हापासून हिशोब रोज जुळतो. लिंबू आता हाताएवढा झालाय.

त्याआधी त्याने खाल्लेले किडे कुठून आले, मला माहीत नाही. कोणाला काही सुचलं तर जरूर लिहा. फक्त मोजण्यात चूक झाली असेल असं म्हणू नका – तिघींनी मोजले होते.