यशूवर राज्य आलं

मंगळवारी संध्याकाळी आमच्या धायरीच्या सोसायटीत, भर पार्किंगमध्ये, माझा पार पोपट झाला. आणि तो केला कोणी, तर अकरा वर्षांच्या सईने...

आधी थोडं मागचं सांगते. माझी लेक यशू, वय वर्षं सात. अबॅकस, स्केटिंग, ड्रॉइंग, कथक... बाईसाहेबांचं टाइमटेबल माझ्या ऑफिसच्या कॅलेंडरपेक्षा भरगच्च. मला वाटायचं, बघा, किती करतेय मी पोरीसाठी!

मग शाळेच्या पालकसभेत तिच्या टीचरनी मला बाजूला घेतलं. "हुशार आहे हो यशू, पण कुणी सांगितल्याशिवाय काहीच करत नाही. कोरा कागद दिला तरी माझ्या तोंडाकडे बघत बसते... आता काय करू म्हणून." मग म्हणाल्या, "दोन क्लास बंद करा आणि रोज तासभर तिला नुसतं खेळू द्या. कुणी काही शिकवायचं नाही."

गाडीवरून घरी येताना मला रडू आलं. कारण ते "आता काय करू?" मी घरी दिवसातून वीस वेळा ऐकत होते. आणि पोरगी किती विचारून वागते म्हणून वर कौतुकही करत होते.

अबॅकस आणि स्केटिंग बंद केलं. पण मी पडले आयटीवाली... फोनमध्ये रोजचा रिमाइंडर लावला. 'फ्री प्ले, पाच ते सहा.' हसू नका.

बरं, तिला खाली पाठवून मी गप्प बसले का? छे! पहिल्या मजल्यावरच्या बाल्कनीत लॅपटॉप घेऊन बसायचे. यशू दर दोन मिनिटांनी वर बघायची आणि मी वरून सूचना द्यायचे... सईताईजवळ थांब, पळू नको, पाणी पी. अकोल्याहून पप्पांचा फोन आला होता, त्यांनी हे सगळं ऐकलं. म्हणाले, "खेळू दे ना वं तिले, काहून मांगंमांगं फिरतं?" मी म्हटलं, पप्पा, तुमचा जमाना वेगळा होता.

दुसऱ्याच आठवड्यात लपाछपीत यशूवर राज्य आलं आणि ती खांबापाशी उभी राहून भोकाड पसरून रडायला लागली. मी तडक खाली. सगळ्या पोरांना गोळा करून सांगितलं, "हे बघा, यशूला कच्चं लिंबू घ्यायचं. तिला आउट करायचं नाही आणि तिच्यावर राज्यही आणायचं नाही." सई म्हणाली, "काकू, पाच वर्षांचा चिकूपण पक्का आहे." मी चक्क कानाडोळा केला.

पुढे प्रोजेक्टची डेडलाइन आली आणि माझी बाल्कनीतली ड्यूटी सुटली. आतल्या खोलीत दार लावून कॉलवर कॉल. पोरीकडे दुर्लक्ष होतंय म्हणून मन खात होतं, पण इलाज नव्हता.

तर मंगळवारी असाच कॉलवर होते आणि खालून आरडाओरडा ऐकू आला, "यशूवर राज्य! यशूवर राज्य!" माझं डोकंच फिरलं. दोन मिनिटांत येते म्हणून कॉल सोडला आणि अनवाणीच खाली पळाले.

"काय ठरलं होतं आपलं? यशू कच्चं लिंबू आहे ना? मग राज्य कसं दिलंत तिला?"

सईने कमरेवर हात ठेवले. "आम्ही नाही दिलं, काकू. तीच म्हणाली, मला पक्कं घ्या. महिना झाला."

महिना! आणि मला पत्ता नाही.

"आईला सांगू नका म्हणाली. तुम्ही टेन्शन घेता."

मी गुपचूप जिन्याच्या पायरीवर जाऊन बसले.

यशू खांबाला डोकं टेकून मोजत होती. दहा, वीस, तीस... वर्गात जिचा आवाज दुसऱ्या बाकापर्यंत जात नाही, तिचा आवाज पार गेटवरच्या वॉचमनकाकांपर्यंत पोचत होता. ती शोधायला निघाली आणि मागून चिकूने दिला धप्पा! म्हणजे राज्य परत हिच्यावरच. तिचा चेहरा पडला, ओठ थरथरले... मी अर्धी उठले. आता ती माझ्याकडे बघणार, हे मला ठाऊक होतं.

तिने बघितलंच नाही. अहो, मी चार पावलांवर होते! ती चिकूकडे वळली आणि म्हणाली, "धप्पा पाठीवर द्यायचा असतो. तू दंडावर दिलास. चालणार नाही."

मग जी काही वादावादी जुंपली... शेवटी सईने हात वर करायला लावले. तिघं यशूच्या बाजूने, चौघं चिकूच्या. यशू हरली. तिने बाहीला नाक पुसलं, "ठीक आहे, पण उद्यापासून पाठीवरच," असं सगळ्यांना बजावलं आणि पुन्हा खांबाकडे गेली.

मला तिथेच बसल्या बसल्या भरून आलं. भांडायचं कसं, हरायचं कसं आणि हरल्यावरही खेळ सोडून जायचं नाही, हे कुठल्या क्लासात शिकवतात सांगा! आणि मी मात्र तिला पक्कं होऊच देत नव्हते.

घरी आली ती काळ्याकुट्ट गुडघ्यांनी. हात धुता धुता म्हणाली, "आई, तू खाली का आली होतीस गं?" म्हणजे बाईसाहेबांना मी दिसले होते तर! म्हटलं, काही नाही, सहज.

सई, चिकू आणि पार्किंगमधल्या समस्त गँगला या काकूचे मनापासून थँक्यू.

काल पाच वाजता फोनवर 'फ्री प्ले' वाजलं. यशू केव्हाच खाली पळाली होती. मी तो रिमाइंडर डिलीट केला, चहा टाकला, बाल्कनीचं दार लावून घेतलं... आणि कप हातात घेऊन घराच्या मधोमध उभी राहिले.

आता काय करू?