एकच बकरी

साखऱ्याजवळच्या आमच्या दोनखोली शाळेत पहिलीला बेरीज शिकवायला मी चित्रांची कार्डं केली होती, आणि त्यांचा मला भारी तोरा होता. मोबाइलवर बकरीचं एक गोंडस चित्र शोधलं, तेच पुन्हा पुन्हा चिकटवून एका कार्डावर चार बकऱ्या केल्या, दुसऱ्यावर तीन. हिंगोलीला जाऊन रंगीत छापून, लॅमिनेशन करून आणलं. दोन्ही कार्डं शेजारी ठेवायची, सगळ्या बकऱ्या मोजायच्या, झाली बेरीज. दोन दिवसांत सगळा वर्ग एका सुरात 'सात' म्हणू लागला.

एक मुलगी सोडून. तिच्या घरी बकऱ्याच होत्या, म्हणून हिला सगळ्यांच्या आधी जमेल असं मी धरून चालले होते. ती कार्डांकडे बराच वेळ बघायची आणि हळूच म्हणायची, "एक."

मी समजावलं. तिचं बोट धरून एकेका बकरीवर टेकवलं. तरी 'एक'च. तिसऱ्या दिवशी माझा पारा चढला. "डोकं घरी ठेवून आलीस का?" असं मी सगळ्या वर्गासमोर बोलले. पोरं हसली. ती हसली नाही, रडलीही नाही. आजही ते आठवलं की मला माझीच लाज वाटते.

कुणीतरी घरी जाऊन सांगितलं असणार. दुपारी तिची आई आली आणि चपला काढून दारातच उभी राहिली.

"मॅडम, हे लेकरू बोलायलाच लई उशिरा लागलं. लोक म्हणतात, मंद हाय. तुमी शिकलेल्या, तुमीच खरं सांगा. तिला समजतं का न्हाई?"

"उद्या या," एवढंच मी म्हणाले.

ती गेल्यावर मी मुलीजवळ खाली बसले आणि तीन दिवसांत पहिल्यांदाच विचारलं, "काहून एक?"

तिनं एकेका बकरीवर बोट ठेवलं. "हिचा कान असा. हिचा बी तसाच. पाय बी तसाच उचललेला. ती एकच बकरी हाय, मॅडम. तुमी लई बार दाखवून राहिले."

मी दोन्ही कार्डं पुन्हा बघितली. तिचं बरोबर होतं. माझे सात फोटो भिंतीवर लावले म्हणून शाळेला काही सात मॅडम मिळत नाहीत. सगळ्या वर्गाला जे दिसलं नाही, मला दिसलं नाही, ते या सहा वर्षांच्या पोरीला पहिल्याच दिवशी दिसलं होतं, आणि मी रागावले तरी तिनं ते सोडलं नव्हतं.

माझी चित्रकला यथातथाच. तरी शाळा सुटल्यावर बसून मी हातानं सात बकऱ्या काढल्या. एक काळी, एक ठिपक्यांची, एक फाटक्या कानाची, एक बिनशिंगाची. शेवटची जरा जास्तच जाडी झाली. चार एका कागदावर, तीन दुसऱ्यावर.

दुसऱ्या दिवशी आई दारात उभी असतानाच मी दोन्ही कागद मुलीपुढे ठेवले. तिनं बोट लावलं नाही, मोजलं नाही, नुसती नजर फिरवली.

"सात," ती म्हणाली. मग शेवटच्या जाड्या बकरीवर बोट ठेवून म्हणाली, "पर ही गाभण हाय. मंग आठ. न्हाई तर नऊ."

मी तिला एकावर अडकलेली समजत होते आणि ती साताच्या पलीकडे जाऊन उभी होती.

आई आत आली. तिनं कागद उचलून डोळ्यांजवळ धरला आणि बकरीचं पोट नीट निरखलं.

"नऊच," ती लेकीला म्हणाली. "दोन हायत पोटात."

मग दोघी त्या पोटाबद्दल बोलत राहिल्या. आपण काय विचारायला आलो होतो हे आई विसरूनच गेली होती. शेवटी मीच म्हणाले, "ताई, समजतं तिला."

तेव्हा ती कागद तसाच हातात धरून शाळेच्या उंबऱ्यावर मटकन बसली.