भागीरथाचा पट्टा

अमरावतीत बुधवाऱ्याच्या मागच्या गल्लीत देवमन भोई राहायचा. विहिरीत कोणाची घागर पडो, बादली पडो की गळ्यातली पोत पडो, देवमनला निरोप गेला की काम झालंच समजावं. लोहाराच्या भात्यासारखी त्याची छाती. बुडी मारली की वर थांबलेल्या माणसांचाच जीव गुदमरायचा. पण ही गोष्ट देवमनची नाही, त्याच्या बायकोची आहे.

भागीरथा पूर्णाकाठची. चालायच्या आधी पोहायला शिकलेली. लग्न होऊन आली आणि नवऱ्याचा थाट पाहून तिनं कपाळाला हात लावला. विळा कमरेच्या दोरीत, हातोडी दुसऱ्याच दोरीला लोंबती, गळ दोरानं पाठीवर झुलता.

"पोळ्याचा बैल सजवला का काय?" ती म्हणाली. देवमन हसून मोकळा झाला.

ते हसू तिवश्याच्या विहिरीत विरलं. लोंबता गळ पिंपळाच्या मुळीत अडकला, विळा पाठीमागं सरकलेला, काही केल्या हाती येईना. देवाची दया म्हणून मुळी तुटली. वर आला तेव्हा डोळ्यांत रक्त उतरलेलं आणि नाकातून धार. भागीरथा रडली नाही. घरी आल्यावर तिनं त्या साऱ्या दोऱ्या चुलीत घातल्या.

मग कापसाच्या जिनातून मशीनचा एक झिजलेला, जाड कापडी पट्टा ती मागून घेऊन आली. दाभण आणि सुतळी घेऊन बसली. दोन पट्टे खांद्यांवरून, एक कमरेला. कमरेखाली काही लोंबू द्यायचं नाही, हा तिचा पहिला नेम. विळा छातीवर डावीकडे, मूठ खाली, म्हणजे एक हात गुंतला तरी दुसऱ्यानं निघावा. पाना उजव्या बरगडीशी. खाली लवकर जायला दगड लागतो, तो पाठीवर जाळीत. जाळीची गाठ अशी की एका हिसक्यात सुटावी. आणि सारं सायकलच्या जुन्या ट्यूबच्या रबरी कड्यांखाली दाबून बसवलेलं. ओढलं तर यावं, एरवी हलू नये.

हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. दिवा मालवला तरी बाईचा हात मिठाच्याच बरणीवर पडतो. पूजेला बसल्यावर मन नामात असतं आणि हात आपला आपण कुंकवाकडे जातो, कारण करंडा जागेवर असतो. भागीरथाचं तेवढंच म्हणणं, "वस्तू जाग्यावर असली तं डोये लागत नाई."

रोज ती देवमनच्या डोळ्यांवर फडकं बांधून त्याला ओसरीवर उभा करायची आणि हुकूम सोडायची, "इळा! पाना! आता दगड सोडा! डाव्या हातानं, डाव्या!"

शेजारची कौशल्या कुंपणावरून हसायची. "काय वं भागीरथा, देवमनभाऊची आंधळी कोशिंबीर चालू हाय का?"

"तुह्या नवऱ्यालेही पाठव. भाकर कुठी ठेवली ते त्याले रोज इचारा लागते."

पण लोक चेष्टा करायचेच. पट्ट्याला बैलाचं जू म्हणायचे. देवमन लाजून तो पोत्यात घालून न्यायचा. भागीरथाला ते लागायचं.

बासष्टच्या उन्हाळ्यात बापूसाहेब वकिलांच्या गल्लीतल्या विहिरीवरची नवी मोटार पाणी ओढेना. पाइपाचं तोंड खाली गाळात गुंतलं होतं. वर्षानुवर्षं पडलेल्या बादल्या आणि त्यांचे दोर, साऱ्यांचं तळाशी जाळं झालेलं. देवमनला बोलावणं गेलं. भागीरथा नेहमीप्रमाणे बरोबर आली, तिनं त्याच्या अंगावर पट्टा चढवला, एकेक कडं चाचपलं.

तेवढ्यात गल्लीतल्या वडीलधाऱ्या माणिकबाई अंबादेवीचा लाल धागा घेऊन आल्या. त्याला तांब्याचा ताईत. त्यांनी तो देवमनच्या पट्ट्याला बांधला. धाग्याची टोकं खाली लोंबत राहिली.

"माय, धागा पट्ट्याले नका बांधू," भागीरथा म्हणाली.

"देवाला नाही म्हणतेस?" माणिकबाईंचा आवाज चढला.

"बांधू दे ना," बापूसाहेब म्हणाले. "एवढासा तर धागा आहे."

"साहेब, तिवश्यालेही एवढासाच दोर व्हता."

देवमन तिच्या कानाशी आला. "राहू दे वं. मोठ्या मानसाचं मन मोडू नाई."

"मन मंग जोडू. तुमी आधी वर या."

भागीरथानं धागा सोडला, कपाळाला लावला आणि माणिकबाईंपुढं धरला. "देवाले खाली कायले पाठवता, माय? खाली तं हे जाऊनच राहिले. देव वर पायजे, दोर धरून. ओढाले कामी येईल."

कोणीतरी खुदकन हसलं. माणिकबाईंनी क्षणभर तिच्याकडे रोखून पाहिलं. मग देवमनला वर ओढायला त्याच्या कमरेला बांधलेला लांब दोर हाती घेतला, त्याच्या वरच्या टोकाला धागा बांधला आणि पदर खोचून स्वतःच दोर धरून उभ्या राहिल्या.

देवमननं उडी घेतली. बुडबुडे आले, पाणी गढूळ झालं, मग बुडबुडेही थांबले.

"अगं, दोर ताणला गेला आणि तसाच राहिला!" माणिकबाई ओरडल्या. माणसं ओढायला धावली.

"ओढू नका!" भागीरथा कडाडली. "गुतला असन तं फास आवयन!"

तिनं डोळे मिटले होते. तिचा डावा हात स्वतःच्याच छातीवर, विळ्याच्या जागी गेला होता. "डावा," ती पुटपुटत होती, "डावा हात, डावा..." शेजारी माणिकबाईंचं नाम चाललं होतं.

दोराला दोन हिसके बसले. ओढा, अशी खूण.

देवमन वर आला तो डाव्या मुठीत विळा घेऊन. उजव्या मनगटाला सडक्या दोराचे वेढे, मधोमध कापलेले. काठावर तो कितीतरी वेळ नुसता धापा टाकत बसला. मग बायकोकडे पाहून म्हणाला, "बादलीच्या दोरानं हात धरला वं. डावा फिरवला, तं इळा तिथीच." आणि बापूसाहेबांना म्हणाला, "पाइप मोकया झाला. लावा मोटार."

मोटार घुरघुरली. आधी गाळ आला, मग काळपट पाणी, मग नितळ. बायकांनी घागरी पुढं सरकवल्या.

माणिकबाई कुंकवाचा करंडा घेऊन आल्या. चिमूट उचलून पट्ट्यावर, विळ्याच्या मुठीजवळ लावली. "का गं, हे तर लोंबत नाही ना?"

"नाई, माय," भागीरथा हसली आणि त्यांच्या पाया पडली.

निघताना देवमननं पोतं उघडलं. भागीरथानं ते त्याच्या हातून घेतलं, घडी घालून काखेत मारलं आणि ओला पट्टा, विळ्या-पान्यासकट, स्वतःच्या खांद्यावर टाकला. जवळची वाट सोडून ती भर बाजारातून निघाली. देवमन मागं मागं.

दारात कौशल्या उभी होती. "काय वं, आज पट्टा खांद्यावर?"

"वला हाय, उन्हात वायून राहिला," भागीरथा म्हणाली, आणि पुढच्या चौकापर्यंत उगीच एक चक्कर मारून आली.