पूर्ण नव्वद मिनिटं

त्या वर्षी जुलै ते सप्टेंबर मी रोज दुपारी सव्वाचार वाजता एकच काम केलं. मैदानावर उभं राहून मुली मोजल्या. कधी सात भरायच्या, कधी नऊ. एकदा चक्क चौदा भरल्या, तेव्हा मला अगदी भरून आलं. मग कळलं की त्यातल्या पाच जणी शिष्यवृत्तीच्या फॉर्मवर माझी सही घ्यायला आल्या होत्या.

मी धाराशिवच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर भूगोल शिकवत होते. फुटबॉलला मी उभ्या आयुष्यात पाय लावला नव्हता. पण जूनच्या शेवटी प्राचार्यांनी बोलावून सांगितलं, "मॅडम, मुलींच्या फुटबॉलचं यंदा तुम्ही बघा. खेळाचे सर काही झालं तरी पुरुषमाणूस. तुम्ही सोबत आहात म्हटल्यावर पालक सोडतात." तासिकावाल्यांना नाही म्हणायची सोय नसते. मी हो म्हटलं आणि घरी येऊन मोबाइलवर ऑफसाइड म्हणजे काय ते तीनदा पाहिलं. तिन्ही वेळा समजलं आणि तिन्ही वेळा सकाळपर्यंत विसरले.

खेळातलं काहीच कळत नसल्यामुळे मला शिकवायला एकच वाक्य होतं. "अगं, लक्ष कुठंय?" कुणीही चेंडू सोडला, कुणीही कुणाला धडकलं, की मी हेच ओरडायचे. दिवसाला किमान पन्नास वेळा. मुली माझ्या पाठीमागे माझी नक्कल करायच्या हे मला माहीत होतं.

खरं फुटबॉल येणारी मुलगी एकच, आमची कप्तान. बेंबळीची, तिसऱ्या वर्षाला होती. गावच्या शाळेतल्या एका गुरुजींनी फुटबॉल आणून दिला आणि ही पोरांच्यात घुसून खेळायला शिकली. कॉलेजात आली तेव्हा मुलींचा संघ आहे हे ऐकून हरखली होती. संघ होता, पण कागदावर. पहिल्या वर्षी सामन्याच्या दिवशी सहा मुली आल्या म्हणून जाणं रद्द झालं. दुसऱ्या वर्षी मुली आल्या, पण गाडी सांगायची कुणी हे शेवटपर्यंत ठरलं नाही. दोन वर्षं ती सराव करत राहिली आणि एकही सामना खेळली नाही.

पहिल्याच दिवशी ती मला म्हणाली, "मॅडम, मला एकदा पूर्ण नव्वद मिनिटं खेळायचंय. पंचाची शिट्टी, मधी इंटरव्हल, समोर दुसरं कॉलेज, सगळं. औंदा न्हाय झालं तर संपलं. पुढच्या वर्षी म्या कुठं कॉलेजात असणार?"

"जिंकायचं नाही का?" मी विचारलं.

"जिंकलो तर लई चांगलं. पर आधी खेळायला तर मिळू द्या."

आणि गंमत बघा, आमच्या सरावाची वेळ तिच्यामुळेच ठरायची. बेंबळीची गाडी साडेपाचला. स्टँड मैदानापासून वीस मिनिटं चालत. म्हणजे पाचला ती दप्तर उचलणार. सव्वाचारला मुली मोजायच्या, मग बूट शोधायचे, मग चेंडूत हवा आहे का बघायचं, तिसऱ्या वर्षाचा जादा तास सुटायची वाट बघायची. खेळायला उरायची पस्तीस मिनिटं. ज्या मुलीला नव्वद मिनिटं खेळायची होती, तिनं तीन वर्षांत सलग चाळीस मिनिटंसुद्धा चेंडू मारला नव्हता. गाडीसाठी तिला निघताना बघून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा आणि चिडायचं कुणावर, तेच कळायचं नाही.

बाकीच्या मुलींपैकी पाच जणी खो-खोच्या. आमच्याकडे ज्या मुलीला पळता येतं ती आधी खो-खोत जाते. त्यांचे सर माझ्याकडे असे बघायचे, जणू मी त्यांच्या घरातली भांडी उचलून नेली. पाचही जणी हरणासारख्या पळायच्या. फक्त वळायच्या नाहीत. खो-खोत एकदा एका दिशेला धावलं की खांबापर्यंत मागं फिरता येत नाही. हे त्यांच्या पायात बसलेलं. चेंडू मागे राहिला, समोरची मुलगी तो घेऊन उलट्या दिशेला पळाली, तरी आमची बाई सरळ जाणार, गोलच्या खांबाला हात लावणार, खांबाला वळसा घालणार आणि मगच परत येणार. "अगं वळ! तिथूनच वळ!" मी घसा फोडायचे. "व्हय मॅडम," म्हणत ती खांबापर्यंत जायचीच. एकीनं तर सरावाच्या तिसऱ्या दिवशी चेंडू पास करायच्या ऐवजी पुढच्या मुलीच्या पाठीवर थाप मारली, "खो!" म्हणून ओरडली आणि खाली बसली. चेंडू गेला पलीकडे. कप्ताननं डोकं धरलं. मी "लक्ष कुठंय" म्हणायचंसुद्धा विसरले.

ऑगस्टमध्ये मैदानच गेलं. कुणीतरी मोठा माणूस सभेला येणार होता, त्याचं हेलिकॉप्टर आमच्या मैदानात उतरणार होतं. रोलर फिरला, बांबू लागले, पोलीस बसले. मैदानाच्या एका कोपऱ्याकडे पांढऱ्या फक्कीचा हा एवढा मोठा गोल काढला. आठ दिवस आम्ही ग्रंथालयामागच्या फरशीवर चेंडू लाथाडत होतो. हेलिकॉप्टर आलं, दहा मिनिटांत माणसं गाडीत बसून गेली, संध्याकाळी तेही उडालं. मी प्राचार्यांकडे जाऊन म्हटलं, "सर, आमच्या मैदानावरच्या रेघा पुसल्या गेल्यात." ते म्हणाले, "मॅडम, आता तर मैदान एकदम सपाट झालंय."

गोलकीपर मात्र मला घरबसल्या मिळाली, म्हणजे तिच्या घरी जाऊन मिळाली. गावातलीच मुलगी, आई ब्लाउज शिवायची आणि ही बाह्यांना हात-टाके घालायची. चेंडू कसाही आला तरी हातात धरायची. पण संमतीच्या कागदावर सही द्यायला आई तयार नव्हती. मी मनात सगळी उत्तरं तयार करून गेले. ट्रॅकपँट पूर्ण पायाची आहे, मी सोबत आहे, मगरीबच्या, दिवेलागणीच्या नमाजाच्या आत घरी आणून सोडते. आईनं सगळं शांतपणे ऐकलं, चहा दिला आणि म्हणाली, "ते सब ठीक हाय मॅडम. खेळू दे. मेरेकू फक्त बोटांची फिकर. हाताचं काम हाय आमचं. बोट मोडलं तर सुई कोण धरणार?" मी दुसऱ्याच दिवशी जाड हातमोजे आणले. पुढे शेवटपर्यंत वेळेवर येणारी ही एकटी.

दहा झाल्या. अकरावी तेरखेड्याची, हॉस्टेलला राहणारी, दांडगी, समोरची मुलगी तिला आपटून मागे जायची. सामन्याच्या आठ दिवस आधी ती पिशवी घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. "मॅडम, घरी जाते. दिवाळीचा माल भरायचाय. घरातली सगळी बसल्यात कामाला." फटाक्यांचं गाव, दिवाळी तोंडावर, तिचं चुकलं असं म्हणवत नव्हतं. पण मी तिथेच कॉरिडॉरमध्ये तिच्यावर इतकी ओरडले की वर्गातली मुलं बाहेर आली. ती रडत गाडीत बसली. मला रात्रभर स्वतःचीच लाज वाटत राहिली.

रविवारी कप्तान तेरखेड्याला गेली. मला न सांगता. दिवसभर त्यांच्या ओसरीत बसून तिनं रिकाम्या खोक्यांवर कागद चिकटवले. सोमवारी आली तेव्हा बोटं डिंकानं पांढरी झाली होती. "तिच्या वाटणीचं एका दिवसाचं काम उरकलं," म्हणाली. "सामन्याला येणार हाय ती. आता मोजा, अकरा हायत का न्हाय."

मी मोजल्या. तिला धरून अकरा होत्या. दुखापत होऊ नये म्हणून त्या आठवड्यात मी त्यांना धड पळूसुद्धा दिलं नाही.

सामना दुसऱ्या जिल्ह्यात, दीड तासाच्या अंतरावर. त्या वर्षी आमच्या विभागात मुलींचे दोनच संघ होते, म्हणजे हा एकच सामना, पहिला आणि शेवटचा. दोनची वेळ. आम्ही एक वाजताच भाड्याच्या क्रूझर गाडीतून उतरलो. मुलींनी एकमेकींच्या वेण्या बांधल्या, केळी खाल्ली. कप्तान मैदानाच्या मधल्या गोलात जाऊन नुसती उभी राहिली. खराखुरा मधोमध काढलेला गोल होता.

दोन वाजले. समोरच्या कॉलेजच्या मुली आल्या. सहा.

त्यांच्यासोबतच्या मॅडम माझ्यासारख्याच, फोन कानाला, घामाघूम. "दोघी उपवासानं चक्कर येऊन पडल्या, तिघींना घरच्यांनी सोडलं नाही," त्या सांगत होत्या आणि मला एकेक शब्द पाठ होता. किमान सात खेळाडू लागतात. पंचांनी घड्याळ बघितलं, पंधरा मिनिटं थांबले, आणखी पंधरा थांबले आणि वहीत लिहिलं. वॉकओव्हर. आम्ही विजयी.

दोघी-तिघींनी उड्या मारल्या. कप्तान पंचांसमोर गेली. "म्हंजे खेळायचं न्हाय?"

"तुम्ही जिंकलात बेटा. सही कर."

तिनं सही केली नाही. पेन हातात धरून उभी राहिली. रडली असती तर मी समजूत काढली असती; ती रडलीही नाही, नुसती त्या मधल्या गोलाकडे बघत होती. आणि मला असा संताप आला म्हणून सांगू! तीन महिने मी नाकी नऊ येईपर्यंत खपून अकरा जमवल्या, घरोघरी चहा प्यायले, एका पोरीला रडवलं, आणि आता जिंकून घरी जा म्हणे. मी त्या दुसऱ्या मॅडमना म्हटलं, "तुमच्या मुलींनी कपडे बदललेत ना? मग खेळू द्या त्यांना. माझ्या दोन घ्या."

आमच्या नऊ, त्यांच्या आठ. एक कमी. आणि त्यांच्याकडे गोलकीपर नव्हती. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या.

मी ओढणी कमरेला बांधली. पंच म्हणाले, "वहीत याची नोंद होणार नाही हं." मी म्हटलं, "नका करू. शिट्टी वाजवा फक्त. पंचेचाळीस आणि पंचेचाळीस." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, शिट्टी तोंडात धरली. आत जाण्याआधी मी गोलकीपरच्या आईला फोन करून उशीर होईल असं सांगितलं. पलीकडून एकच प्रश्न आला, "बोटं बराबर हाय ना?"

पुढे कॉलेजच्या फलकावर 'विभागीय विजेता' असं लिहून आलं, प्राचार्यांनी हार घातला, फोटो निघाला. कशासाठी ते कुणी विचारलं नाही. तो सामना कुठल्याच कागदावर नाही.

मी गोलात उभी राहिले तशी मला कळलं की गोल किती रुंद असतो. पहिल्या अर्ध्यात तीन गेले. एका खो-खोवालीनं माझ्यासमोरच्या चेंडूवरून सरळ पळत येऊन माझ्या शेजारच्या खांबाला हात लावला, वळसा घातला आणि परत गेली. मी म्हटलं, "वळ की गं तिथूनच!" "तुम्ही त्यांच्या बाजूच्या हायत मॅडम, सांगू नका," ती पळता पळता म्हणाली. इंटरव्हलला दोन्ही कॉलेजच्या मुली एकाच बादलीतलं पाणी प्यायल्या. कप्तान पाणी प्यायली नाही. ती सारखी पंचांना वेळ विचारत होती.

दुसऱ्या अर्ध्यात, कधीतरी चारच्या पुढे, क्रूझरचा हॉर्न वाजायला लागला. ड्रायव्हरला संध्याकाळी दुसरं भाडं होतं. एकदा वाजला, दोनदा वाजला, मग त्यानं बोट काढलंच नाही. कप्तान मैदानाच्या मध्ये थबकली. तिला हे सवयीचं होतं. तीन वर्षं कुणाची तरी गाडी निघायची वेळ झाली की ती चेंडू सोडून दप्तर उचलत आली होती. तिनं माझ्याकडे बघितलं.

मी गोलातून दोन पावलं बाहेर आले आणि सगळा घसा काढून ड्रायव्हरवर ओरडले, "भाऊ, हॉर्न बंद करा! अजून एकवीस मिनिटं आहेत! एकवीस! तोवर गाडी हलणार नाही!"

मी अजून तिकडे बघतच होते. मागे जाळं हललं. वळून बघते तर चेंडू आत, आणि कप्तान दोन्ही हात कमरेवर ठेवून माझ्यासमोर उभी. गालावर घाम, दम लागलेला, तीन महिन्यांत मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं.

"मॅडम," ती म्हणाली, "लक्ष कुठंय?"

मी चेंडू उचलून तिच्याकडे फेकला आणि परत गोलात जाऊन उभी राहिले. एकवीस मिनिटं राहिली होती. ती आम्ही सगळी खेळलो.