कांडलेली माती

मातीत राहणारे जीव मोजायचे असतील, तर माती ओलसर आणि सैल ठेवावी लागते. सावलीतून आणून ती लवकरात लवकर जाळीच्या नरसाळ्यात ठेवावी आणि वरून दिव्याची मंद ऊब द्यावी. माती वरून सुकत जाते तसे जीव ओलावा शोधत खाली सरकतात आणि नरसाळ्याखालच्या कुपीत, स्पिरिटमध्ये पडतात. यात अवघड असे काही नाही. आमच्या विभागप्रमुखांना ते अखेरपर्यंत समजले नाही.

कापसाच्या त्या पडत्या वर्षांत यवतमाळकडे पाहणी करणाऱ्यांची रीघ लागली होती. प्रत्येकाला काहीतरी मोजायचे होते. आमच्या महाविद्यालयाच्या वाट्याला जमिनीतले जीव आले. मी प्राणिशास्त्र शिकवत असे. प्रमुख माती परीक्षणातून वर चढलेले. बाभुळगावकडच्या शेतांतून मातीच्या पिशव्या आल्या, तेव्हा मी परीक्षेच्या कामासाठी अमरावतीला होतो. परतलो तोवर ती माती गच्चीवर वाळवून, लाकडी मोगरीने कांडून, चाळून झालेली होती.

"ओल्या मातीत काय दिसणार, सर?" प्रमुख म्हणाले. "आता बघा, कशी मैद्यासारखी झाली!"

गावातली माणसे आधी उखळात कांडावीत आणि मग घरोघर शिरगणतीला जावे, तसा हा प्रकार. मी तसे म्हणालोही. ते हसले, त्यांना ते कौतुक वाटले असावे. त्या पिठात अर्थातच काही सापडले नाही, आणि सर्व शेतांपुढे 'निर्जीव' असा शेरा पडला.

तो शेरा एका बाईंच्या मुळावर आला. नवरा लोहारा गावच्या कारखान्यात कामाला, म्हणून अर्धे वावर त्या स्वतः कसत. कापसाच्या पऱ्हाट्या न जाळता शेणात कुजवून मातीत घालत. फवारणी त्यांनी बंद केली होती. जमीन मोठ्या दिरांच्या, त्यांच्या बोलीत भासऱ्यांच्या, नावावर. तपासणीत ती चांगली निघाली तर बाईंचे वावर बाईंकडे, नाहीतर पुढच्या फवारणीपासून भासऱ्यांकडे, असे घरात चारचौघांसमोर ठरले होते. हे मला कळले ते बाई विभागाच्या दारात येऊन उभ्या राहिल्या तेव्हा.

"माह्यं वावर मेलं म्हनते काहो, सर?"

"मेली आहे ती आमची अक्कल," मी म्हणालो.

मी स्वतः जाऊन नवी माती आणली. भारनियमनामुळे दिव्याचा भरवसा नव्हता. नरसाळे घरच्या पडवीत मांडले आणि माती तिच्या चालीने सुकू दिली. वेळ लागला, पण कुपी भरत गेली: शेपटीखालच्या काट्याने उडी घेणारे पांढरे कीटक, मोहरीहून लहान, आठ पायांचे तपकिरी माइट, आणि तांदळाच्या कणीएवढा, नांगी नसलेला एक विंचवासारखा जीव. कुपी आणि भिंग घेऊन मी बाईंच्या घरी गेलो.

भासरे ओसरीवर बसले होते. ते भिंगातून बराच वेळ पाहत राहिले. मला वाटले, काम झाले.

"बाप्पा! एवढे किडे?" ते म्हणाले. "अन् हे बाई औषध मारत नाही! आता तं डब्बल फवारा माराव लागन."

"हे पिकाला खात नाहीत. कुजलेला पाला खातात. यांच्यामुळेच जमीन जिवंत आहे."

"किडा तो किडा, मास्तर."

त्या मुलखात किड्याला एकच अर्थ उरला होता. औषध विकणाऱ्यांनी तो शिकवला, आणि शिकणाऱ्यांनी दुसरा कधी विचारला नाही.

बाई दाराआड होत्या. भासऱ्यांशी थेट बोलण्याची रीत नव्हती, म्हणून त्या माझ्याशी बोलल्या.

"सर, त्याइले इचारा. काल वावर मेलं म्हनून औषध. आज जितं निंघालं म्हनूनबी औषध. मंग तपासनी कायले केली?"

"तिले सांगा, जास्त शायनी बनू नको," भासरे मला म्हणाले.

"त्याइले सांगा, कबूल त्याइनंच केलतं. जमीन चांगली निंघाली तं वावर माह्याकडं. सरच्या शिशीत ते दिसून राह्यलं."

माझा उपयोग आता टपालपेटीइतका उरला होता. भासऱ्यांनी भिंग पुन्हा उचलले, पुन्हा ठेवले. कबुली चारचौघांत दिलेली होती.

"करू द्या तिले यंदा," ते म्हणाले. "पन धुऱ्याच्या बांधावरून माह्याकडं एक किडा आला तं पाहा."

"किड्याइले सांगून ठेवते, म्हनाव."

निघताना बाईंनी मला अडवले. "पयले पिशव्या भरून माती नेलती, तिचं काय केलं?"

"आमच्या साहेबांनी कांडून ठेवली आहे."

"मंग आनून टाका. माह्या वावरातली हाये ते."

प्रमुखांचा अहवाल 'निर्जीव' या शेऱ्यासह वर गेला. कोणी वाचल्याचे ऐकिवात नाही. मी त्या पिशव्या एसटीने नेल्या आणि बाईंच्या देखत ते पीठ पऱ्हाटीच्या ओळींत ओतले. एका पावसाळ्यात त्यात जीव येतील, असे त्यांना सांगितले.

"म्हंजे तुमच्या सायबाले अक्कल यायच्या आंधीच," त्या म्हणाल्या, आणि तण निंदायला वळल्या.